होडीवरचा आवाज आणि वॅटचे वेड

होडीवर गाणे असावे की नसावे, हा वाद आम्हांस मुळातच निरर्थक वाटतो. पाणी आणि गाणे ह्यांचा आमच्या प्रदेशात फार जुना संबंध आहे. देखणी ह्या प्रकारातले सर्वांत ख्यात गीत पैलतीरी जाऊ पाहणाऱ्या कलावंतिणीचे आणि तिच्या नावाड्याचे आहे. साखळीजवळच्या विठ्ठलापुरात त्रिपुरारी पौर्णिमेच्या रात्री वाळवंटीच्या पात्रात सजविलेल्या नौका सोडतात. कुंभारजुव्यात चतुर्थीच्या सातव्या दिवशी होड्या जोडीने बांधून सांगोड निघतो आणि त्यावर पुराणांतले देखावे उभे राहतात. दोन होड्या एकत्र बांधणे म्हणजे सांगड. ‘सांगड घालणे’ हा आपण रोज योजीत असलेला वाक्प्रचार ह्याच शब्दावर उभा आहे. अशा ठिकाणी होडीवर वाद्य नको, सूर नको, असे म्हणणारास आम्ही एवढेच म्हणू की त्याने नदीकाठी राहू नये.

आमची तक्रार गाण्याविषयी नाही. ती वॅट ह्या शब्दाविषयी आहे. हंगाम सुरू होण्यापूर्वी होडीचा मालक असो की उत्सवाची मंडळी असोत, आवाजाची यंत्रणा सुधारावयाची असे ठरले की पहिला प्रश्न विचारला जातो तो ‘किती वॅटची घ्यायची?’ हा. दुकानदाराला हा प्रश्न फार आवडतो, कारण त्याचे उत्तर खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेले असते आणि जितका आकडा मोठा तितकी किंमत मोठी. ज्याच्या गाठीला मोजकेच पैसे आहेत, वर्गणीतून जमलेला एकेक रुपया ज्याला हिशेबात दाखवावयाचा आहे, त्याची ह्या एका प्रश्नाने जी लूट होते ती आम्हांस उघड बोलून दाखवावयाची आहे.

प्रथम तो आकडाच पाहू. मोटारीत किंवा होडीत बसवावयाच्या साध्या रेडिओच्या खोक्यावर ‘४ × ५०’ असे लिहिलेले असते. ह्या यंत्राला वीज मिळते ती बॅटरीची. एंजिन चालू असताना ती फार तर साडेचौदा व्होल्टच्या आसपास असते. तेवढ्या दाबावर चार ओहमच्या स्पीकरला स्वच्छ, न फाटलेला आवाज किती देता येईल, हे शाळेतल्या गणिताने काढता येते. दाबाचा वर्ग करावा, त्याला ओहमच्या दुपटीने म्हणजे आठाने भागावे. उत्तर सुमारे सव्वीस वॅट येते. ही कागदावरची कमाल झाली. यंत्रातला ऱ्हास वजा जाता हाती अठरा ते वीस वॅट लागतात. मग पन्नास आले कोठून? आवाज पुरता फाटून त्याचा नुसता करकराट झाला म्हणजे क्षणभर जी शक्ती मोजता येते, तिचा तो आकडा. खरीददाराने ज्या सुरांसाठी पैसे मोजले त्यांचा त्याच्याशी संबंध नाही. गवळ्याने दूध मोजताना वरचा फेसही मापात धरावा, तसला हा व्यवहार आहे. मात्र गवळ्याशी आपण भांडतो. येथे फेसाचेच कौतुक करतो.

बरे, आकडा खरा असला तरी त्याने काय साधते? मनुष्याच्या कानाची रचना अशी आहे की शक्ती दुप्पट केली तर आवाज दुप्पट होत नाही. वीस वॅटचे चाळीस केले तर तीन डेसिबेल वाढतात. लक्ष देऊन ऐकणारास ‘किंचित वाढला’ असे वाटते, न देणारास तेही नाही. आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटावयाचा तर दहा डेसिबेल हवेत, आणि त्यासाठी दसपट शक्ती लागते. वीसची दोनशे. दोनशे वॅटसाठी अँप्लिफायर मोठा, त्यासाठी बॅटरी मोठी, ती भरण्यासाठी एंजिनावरचे जनित्र मोठे, आणि हे सारे ओझे वाहावयाचे ते वीस-पंचवीस माणसांना नेणाऱ्या होडीने.

ह्याच्या उलट एक आकडा असा आहे की तो कोणी विचारीत नाही. एक वॅट दिला असता एक मीटरवर स्पीकर किती डेसिबेल आवाज करतो, ही त्याची संवेदनक्षमता. ती खोक्याच्या मागे बारीक अक्षरांत असते. ब्याण्णव डेसिबेलचा स्पीकर पंचवीस वॅटवर जितका आवाज करील, तितकाच आवाज शहाऐंशी डेसिबेलच्या स्पीकरकडून काढावयाचा तर शंभर वॅट लागतील. दोन स्पीकरांच्या किमतींत पुष्कळदा फारसा फरक नसतो. म्हणजे खोके उलटे करून बारीक अक्षरे वाचण्याचा जो कंटाळा, त्याची किंमत चौपट अँप्लिफायर. ज्यांना पैसे वाचवावयाचे आहेत त्यांनी आधी चष्मा पुसावा, हा आमचा सल्ला कोणास थट्टा वाटला तरी हरकत नाही.

आता तारेकडे वळू, कारण आमच्या मते होडीवरच्या आवाजाचे निम्मे दुखणे तारेत आहे आणि तिच्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. बॅटरी होडीच्या मागच्या अंगाला एंजिनाजवळ, आणि अँप्लिफायर पाच मीटर पुढे, असे समजा. जायची पाच आणि यायची पाच मिळून दहा मीटर तार. घरगुती कामाची अडीच चौरस मिलिमीटरची तार घातली आणि तीतून वीस अँपिअर ओढले तर वाटेतच जवळजवळ एक व्होल्ट आणि चार दशांश इतका दाब गळतो. बारांतले हे एवढे गेले. शक्ती दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात चालते, म्हणून अँप्लिफायरच्या ताकदीचा पाचवा हिस्सा आणि वर काही, नुसता ह्या गळतीपायी हातचा जातो. त्याच जागी दहा चौरस मिलिमीटरची तार असती तर गळती व्होल्टच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास राहिली असती. ‘अँप्लिफायर कमी पडतो’ म्हणून नवा आणणाऱ्या कित्येकांचा जुना अँप्लिफायर धडधाकट असतो. उपाशी ठेवलेल्या बैलाला म्हातारा म्हणून बाजारात नेण्याचाच हा प्रकार.

आणि तार कोणती? तांब्याची खरी, पण कल्हई केलेली. आमच्या घरांतल्या बायका पितळेच्या पातेल्यात कल्हईवाचून आमटी शिजवीत नसत. आंबटाने धातू कळकतो हे त्यांना कोणी शिकविण्याची गरज नव्हती. खारी हवा आंबटापेक्षा काही कमी नाही. उघड्या तांब्याच्या तारेत खारट ओल आवरणाच्या आत शिरत जाते आणि वरून नवीकोरी दिसणारी तार सोलली असता आत काळीहिरवी निघते. म्हणून होडीवर बारीक पदरांची, प्रत्येक पदराला कथिलाचा मुलामा असलेली तार वापरावी. तिचे तुकडे पिळून वर चिकटपट्टी गुंडाळू नये. टोकांना चापून बसविलेले लग लावावेत आणि त्यांवर आतून गोंद असलेली, उष्णतेने आवळणारी नळी चढवावी. बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत फ्यूज असावा, आणि तो अँप्लिफायरच्या नव्हे तर तारेच्या सोशिकतेप्रमाणे निवडावा. फ्यूज गाण्याच्या रक्षणासाठी नसतो. लाकडाच्या किंवा फायबरच्या होडीत पेट्रोलच्या टाकीजवळ तार पेटू नये म्हणून तो असतो. एवढी साधी गोष्ट आम्ही अधोरेखित करतो ह्याचे कारण, होड्यांतून फ्यूजच्या जागी वाकविलेला खिळा आम्ही डोळ्यांनी पाहिला आहे.

बॅटरीबद्दल थोडक्यात. एंजिन सुरू करण्याची बॅटरी आणि गाण्याची बॅटरी वेगळी असावी. येथे काटकसर करू नये, दुसरीकडे कोठेही करावी. गाणे वाजवून रिती झालेली बॅटरी एंजिनाला हलवीत नाही, आणि ओहोटी कोणासाठी थांबत नाही. मांडवीच्या मुखाशी एंजिन बंद पडलेल्या होडीत वीस प्रवासी घेऊन बसण्याची पाळी ज्याच्यावर येईल त्यास त्या दिवशीचे वॅट आठवणार नाहीत. शंभर अँपिअर-तासांची शिशाची बॅटरी निम्म्याहून अधिक रिती करू नये. म्हणजे हाती पन्नास राहतात. नव्या पद्धतीचे अँप्लिफायर, ज्यांना ‘क्लास डी’ म्हणतात, ते घेतलेल्या विजेपैकी ऐंशी टक्क्यांहून अधिक आवाजासाठी लावतात. तसा अँप्लिफायर बेताच्या आवाजावर सरासरी पाच अँपिअर ओढत असेल तर दहा तास सहज निघतात. जुन्या पद्धतीचा त्याच कामाला निम्म्याच्या आसपास वीज उष्णतेत घालवितो. अँप्लिफायर बदलावयाचाच असेल तर ह्या कारणासाठी बदलावा, आकड्यासाठी नव्हे.

स्टिरिओ हा शब्द तर आमच्याकडे मंत्रासारखा उच्चारला जातो. त्याचा अर्थ काय? दोन स्पीकर आणि ऐकणारा, ह्यांचा त्रिकोण जमला म्हणजे गवई मध्ये, तबला एका अंगाला, पेटी दुसऱ्या अंगाला, असा भास उत्पन्न होतो. घरातल्या खुर्चीवर ही गोष्ट सुखाची आहे. होडीत मात्र माणसे दोन्ही काठांना लांबट ओळींत बसतात. डाव्या काठच्या मनुष्याला डावीकडचेच ऐकू येते, उजव्याला उजवीकडचे. त्रिकोणाच्या टोकावर बसतो तो फार तर सुकाणूपाशी उभा असलेला तांडेल, आणि त्याने गाणे ऐकत उभे राहू नये अशी आमची इच्छा आहे. तेव्हा होडीवर स्टिरिओपेक्षा एकेरी आवाजच, म्हणजे मोनोच, योग्य. दोन्ही अंगांचे सूर एकत्र करून सगळ्या स्पीकरांना सारखेच द्यावेत. ह्याला खर्च काय? आजकालच्या मोबाइल फोनमध्ये, ज्यांना एका कानाने कमी ऐकू येते त्यांच्या सोयीसाठी, मोनो करण्याची सोय दिलेलीच असते. ती चालू केली की झाले. अँप्लिफायरच्या बाहेर निघणाऱ्या दोन वाहिन्यांच्या तारा मात्र एकमेकींना जोडून मोनो करू नये. तसे केल्यास अँप्लिफायर जळतो.

आणि एक मोठा स्पीकर नाळेवर उभा करण्यापेक्षा चार लहान होडीच्या लांबीत वाटून लावावेत. कारण पुन्हा गणिताचे आहे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज सहा डेसिबेलने उतरतो. स्पीकरपासून एका मीटरवर बसलेल्याचे आणि आठ मीटरवर बसलेल्याचे अंतर अठरा डेसिबेलचे. शेवटच्याला ऐकू जावे म्हणून आवाज वाढविला की पहिल्याचे कान किटतात. पहिल्याची दया करावी तर शेवटच्याला नुसते ठेक्याचे धपधप. प्रत्येकापासून दोनेक मीटरवर एक लहान स्पीकर असला तर सर्वांना सारखे ऐकू येते, शब्द कळतात, आणि शेजाऱ्याशी बोलताना ओरडावे लागत नाही. चार ओहमचे चार स्पीकर जोडताना दोन-दोनांची माळ करून त्या दोन माळा समांतर जोडाव्यात, म्हणजे अँप्लिफायरला पुन्हा चारच ओहम दिसतात. चारही सरळ समांतर जोडले तर एक ओहम होतो आणि बहुतेक अँप्लिफायर ते सोसत नाहीत.

स्पीकरच्या मागे पेटी हवी. नुसत्या फळीला भोक पाडून बसविलेल्या स्पीकरच्या पुढची लहर आणि मागची लहर एकमेकींना मारतात आणि खर्ज नाहीसा होतो. मग खर्ज नाही म्हणून वेगळा ‘सबवूफर’ आणावयाचा! साडेसहा इंची स्पीकरला दहा-पंधरा लिटर पोकळीची, पाण्याला टिकणाऱ्या प्लायवूडची बंद पेटी गावचा मेस्त एका दिवसात करून देतो. आतून-बाहेरून इपॉक्सीचा हात दिला की ती पुष्कळ वर्षे टिकते. ज्या खर्जासाठी लोक हजारो रुपये मोजतात तो पुष्कळदा एका पेटीअभावी हरवलेला असतो.

‘मरिन’ असा शिक्का असलेल्या मालाची किंमत पाहून कित्येक जण म्हणतात की ही सगळी लबाडी आहे. आम्ही तसे म्हणणार नाही. मोटारीच्या स्पीकरचा कागदी पडदा दमट हवेत फुगतो, त्याची लोखंडी चौकट गंजते, उन्हाने कडा चिरतात. पॉलिप्रॉपिलीनचा पडदा, रबरी कडा, न गंजणारे स्क्रू, धूळ आणि पाण्याचा फवारा सोसणारी बांधणी, म्हणजे आयपी ६५ किंवा वरचा दर्जा, ह्यांना पैसे द्यावेत. पण रंगीत दिवे लागणाऱ्या कडेला देऊ नयेत. आणि जो रेडिओ छताखाली, पाणी न पोचणाऱ्या जागी बसणार आहे तो मरिन नसला तरी चालतो. जुन्या रेडिओला ब्लूटूथ नाही म्हणून तो टाकून देण्याचेही कारण नाही; मागे किंवा पुढे तार खुपसण्याचे भोक असले तर एक लहानसा ब्लूटूथ रिसीव्हर त्यास पुरतो. एंजिनाच्या वेगाबरोबर चढणारी शीळ स्पीकरांतून येत असेल तर नवे यंत्र नको. गाण्याची बारीक तार विजेच्या जाड तारेपासून दूर न्यावी आणि सगळ्यांची ऋण टोके एकाच ठिकाणी जोडावीत. स्पीकरमध्ये लोहचुंबक असते, म्हणून होकायंत्रापासून तो मीटरभर तरी लांब असावा. लावण्यापूर्वी हातात धरून जवळ न्यावा आणि सुई हलते का पाहावे.

आता खऱ्या मुद्द्याकडे येतो. १९७२ साली समुद्रावरील टक्कर टाळण्याचे जे आंतरराष्ट्रीय नियम झाले, त्यांतला पाचवा नियम सांगतो की प्रत्येक नौकेने सदैव पहारा ठेवावा, आणि तो डोळ्यांनी व कानांनीही. कानांनीही! समुद्रातल्या नौका जेथवर येऊ शकतात तेथवर हे नियम लागू होतात. म्हणजे मांडवी-झुवारीच्या मुखांवर ते आहेतच. दुसरी नौका एक छोटा भोंगा देते तेव्हा ती उजवीकडे वळत असते, दोन देते तेव्हा डावीकडे, तीन देते तेव्हा तिचे एंजिन उलटे फिरत असते. आणि पाच किंवा अधिक छोटे भोंगे म्हणजे ‘तुझा बेत मला कळत नाही’ असा इशारा. ज्या तांडेलाच्या डोक्यावर दोनशे वॅटचा स्पीकर गर्जत आहे त्याला ह्यांतले काय ऐकू येणार? व्हीएचएफ रेडिओवर सोळाव्या वाहिनीवरून येणारी हाक ऐकू येणार काय? मागे पाण्यात पडलेल्या मुलाच्या आईची किंकाळी? होडीवर स्पीकर कोठे लावू नये ह्याचे उत्तर ह्यात आहे: सुकाणूपाशी. आणि तांडेलाच्या हाताशी, न वाकता पोचेल असे, सगळा आवाज एका क्षणात बंद करणारे बटण असावे. ते साध्या स्विचाचे काम आहे. तरी नव्या यंत्रणेच्या यादीत ते आम्हांस क्वचितच आढळते.

‘लोकांनाच मोठा आवाज हवा असतो’ असे ह्यावर उत्तर मिळते. कोणत्या लोकांना? होडीतल्या वीस जणांना की काठावरच्या दोनशे घरांना? संध्याकाळी पाण्यावरची हवा वरच्या हवेपेक्षा थंड होते, आणि तिच्यातून जाणारा आवाज वर उडून न जाता पुन्हा खाली वळतो. म्हणूनच रात्री नदीवरचा आवाज दिवसापेक्षा किती तरी दूर जातो. होडीवाल्याला वाटते आपण नदीत आहोत, आपला कोणास उपद्रव? काठावरच्या आजाऱ्याला विचारा. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली झाले. रात्री दहापासून सकाळी सहापर्यंत उघड्यावर ध्वनिक्षेपक वाजवू नये असे ते सांगतात, आणि वस्तीच्या भागासाठी दिवसा पंचावन्न, रात्री पंचेचाळीस डेसिबेलची मर्यादा घालतात. सांस्कृतिक आणि धार्मिक प्रसंगांसाठी राज्य शासनाला वर्षातून पंधरा दिवसांपर्यंत मध्यरात्रीपावेतो सवलत देता येते. ही सवलत उत्सवाच्या मानासाठी आहे. ती स्पीकरच्या मोजमापासाठी आहे असे समजून वागणारांमुळेच ती एखाद्या दिवशी जाईल.

‘शेजारच्या होडीचा आवाज मोठा असतो, मग आमचे कोण ऐकणार?’ हा दुसरा आक्षेप, आणि खरे तर सगळ्या वॅटच्या वेडाचे मूळ हेच. त्याने दहा डेसिबेल चढविले की तुम्हांला दसपट शक्ती हवी. तुम्ही चढविले की त्याला पुन्हा दसपट. ह्या शर्यतीत दोन फेऱ्यांत वीस वॅटचे दोन हजार होतात आणि दोन्ही होड्यांतली गाणी एकमेकांत मिसळून तिसरेच काही तरी काठावर पोचते. जेथे देखाव्यापुढे आरती म्हटली जाते, टाळ-मृदंग वाजतात, तेथे तर हा प्रकार आम्हांस असह्य होतो. मृदंगाला वॅट नसतात. त्याच्या दोन पुड्यांचा नाद मोकळ्या पाण्यावर चांगला पोचतो, पण बाजूला यंत्र गर्जत असेल तर वाजविणाऱ्याचे नुसते हात हलताना दिसतात. अशा होडीवर यंत्र असावे ते निवेदनासाठी आणि गाणाऱ्याच्या गळ्याला थोडा आधार देण्यासाठी. त्याला दोन लहान स्पीकर आणि एक बरा मायक्रोफोन पुष्कळ झाला.

मग मोजक्या पैशांची वाटणी कशी करावी, असे आमच्याकडे विचारणा करणारे विचारतात. दहा रुपये असतील तर आमच्या मते चार तार, लग, फ्यूज आणि वेगळ्या बॅटरीकडे जावेत, चार स्पीकर आणि त्यांच्या पेट्यांकडे, दोन अँप्लिफायरकडे. रेडिओ जुनाच राहू द्यावा. दुकानदार नेमकी उलटी वाटणी सुचवील. गोव्यात यांत्रिक मासेमारीवर जून आणि जुलै असे दोन महिने बंदी असते आणि पावसात प्रवासी होड्याही बहुतेक काठावरच असतात. तारा उघडून पाहावयाला तोच काळ बरा. आणि तोवर निदान एक करून पाहावे: फोनमधला मोनो चालू करावा, नाळेवरचा स्पीकर मध्यभागी आणावा, आणि आवाजाचे बटण तीन खुणा खाली उतरवून होडीच्या शेवटच्या फळीवर बसलेल्या मनुष्याला विचारावे, शब्द कळतात का.